‘नीट’चे गुण हाती आले, प्रवेशाची शक्यता कशी ओळखावी?

‘नीट’चा निकाल जाहीर झाला की राज्यातील हजारो घरांत एकच प्रश्न विचारला जातो : एवढ्या गुणांवर एमबीबीएसला प्रवेश मिळेल काय? शिकवणीचे चालक एक आकडा सांगतात, नात्यातील एखादा डॉक्टर दुसराच सांगतो, तर शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी किती गुणांवर जागा मिळाली होती, हा तिसरा दाखला पुढे येतो. या सर्व दाखल्यांत एक समान दोष असतो. ते गुणांविषयी बोलतात आणि प्रवेश मात्र क्रमांकावर मिळतो. हा फरक न कळल्यामुळे जागा मिळण्याजोगी असताना काही विद्यार्थी निराश होऊन माघार घेतात, तर काही पालक भलत्या आशेवर वर्ष आणि पैसा दोन्ही गमावतात. म्हणूनच निकालपत्र हाती आल्यानंतर आपली शक्यता कोणत्या क्रमाने तपासावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

गुण तेच, अर्थ वेगळा

‘नीट’ ही ७२० गुणांची परीक्षा. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. पद्धत इतकी सोपी असली, तरी एकाच गुणसंख्येचे मोल दरवर्षी बदलते. याचे सर्वांत ठळक उदाहरण २०२४ आणि २०२५ या लागोपाठच्या दोन वर्षांत पाहावयास मिळाले. २०२४ मध्ये ६०० गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचा अखिल भारतीय क्रमांक ८० हजारांच्या घरात होता. २०२५ मध्ये प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राचा भाग, बराच कठीण निघाला आणि तेवढ्याच ६०० गुणांवर देशातील क्रमांक १३०० च्या आसपास आला. २०२४ च्या सुधारित निकालात १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते.

आता क्रमांकाच्या बाजूने पाहू. देशात विसाव्या हजारात येण्यासाठी २०२४ मध्ये साधारण ६६० गुण लागले, तर २०२५ मध्ये ५३५ च्या आसपास गुणांवर तेच स्थान मिळाले. खुल्या गटासाठी अखिल भारतीय कोट्यातील सरकारी जागांची पहिली फेरी याच सुमाराच्या क्रमांकावर येऊन थांबते. म्हणजे गुणांची रेषा सव्वाशेने खाली घसरली, क्रमांकाची रेषा मात्र जवळपास जागच्या जागी राहिली. कारण उघड आहे. जागांची संख्या एका वर्षात फारशी बदलत नाही. प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी मात्र बदलते.

एकेका गुणाचे महत्त्वही क्रमांकातूनच कळते. २०२४ मध्ये भौतिकशास्त्रातील एका वादग्रस्त प्रश्नाचे एकच उत्तर ग्राह्य धरण्याचा निर्णय झाल्यानंतर चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच गुण कमी झाले आणि संपूर्ण गुणवत्ता यादी नव्याने लावावी लागली. अनेक विद्यार्थ्यांचे गुण समान असल्यास प्रथम जीवशास्त्र, मग रसायनशास्त्र आणि त्यानंतर भौतिकशास्त्राचे गुण पाहून क्रम ठरविला जातो. त्यामुळे ‘दोघांना सारखेच गुण, मग त्याला जागा मिळाली आणि मला का नाही?’ या तक्रारीचे उत्तरही बहुधा क्रमांकातच दडलेले असते.

‘पात्र’ म्हणजे प्रवेश नव्हे

निकालपत्रावर ‘क्वालिफाइड’ असा शब्द दिसला की अनेक घरांत पेढे वाटले जातात. या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. खुल्या गटातील उमेदवाराला ५० वे, तर इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती आणि जमातीच्या उमेदवाराला ४० वे पर्सेंटाइल मिळाले की तो पात्र ठरतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा देणाऱ्यांपैकी किती जण आपल्या मागे आहेत, याचे ते माप आहे. म्हणूनच २०२५ मध्ये खुल्या गटातील विद्यार्थी ७२० पैकी अवघ्या १४४ गुणांवरही पात्र ठरला.

त्या वर्षी देशात २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली आणि १२ लाख ३६ हजारांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र सरकारी, खासगी आणि अभिमत विद्यापीठे मिळून सव्वा लाखाच्या आसपास होत्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा विद्यार्थ्यांमागे साधारण एक जागा. त्यांतील सरकारी शुल्काच्या जागा सुमारे निम्म्या. पात्रता ही रांगेत उभे राहण्याची परवानगी आहे. रांगेतील जागा क्रमांक ठरवितो.

दोन रांगा, दोन याद्या

रांगही एक नाही. राज्यातील सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजेच एमसीसी, त्या भरते. येथे देशभरातील विद्यार्थी स्पर्धेत असतात. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो आणि त्यासाठी स्वतंत्र राज्य गुणवत्ता यादी जाहीर करतो. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने या दोन्ही ठिकाणी स्वतंत्र नोंदणी करावयाची असते. एका ठिकाणी केलेली नोंदणी दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. ही साधी बाब ठाऊक नसल्याने दरवर्षी काही विद्यार्थी एका रांगेबाहेर राहतात.

नागपूरच्या ‘एम्स’सारख्या केंद्रीय संस्था आणि अभिमत विद्यापीठांच्या जागाही एमसीसीमार्फतच भरल्या जातात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासाठी एमसीसीकडे पसंती नोंदवावी लागते. पुढे वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते.

राज्याच्या रांगेत उभे राहण्यासाठी एक अट फार महत्त्वाची आहे. विद्यार्थ्याकडे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र हवे आणि काही ठराविक अपवाद वगळता त्याने दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण केलेल्या असाव्यात. लातूर किंवा नांदेडला शिकवणीसाठी जाणाऱ्यांना याची चिंता नाही. मात्र कोटा किंवा हैदराबादला जाऊन तेथेच बारावीची नोंदणी करणाऱ्या विद्यार्थ्यावर ८५ टक्के जागांचा दरवाजा बंद होऊ शकतो. ही अट निकालानंतर कळून उपयोग नसतो. अकरावीत प्रवेश घेतानाच पालकांनी ती पडताळली पाहिजे.

शंभर जागांचा ढोबळ हिशेब

एखाद्या सरकारी महाविद्यालयात १०० जागा आहेत, असे गृहीत धरू. त्यांतील १५ अखिल भारतीय कोट्यात गेल्या. राज्याकडे राहिल्या ८५. राज्याचे घटनात्मक आरक्षण ५० टक्के आहे : अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमातींचे तीन गट मिळून ८ आणि इतर मागासवर्ग १९ टक्के. याशिवाय आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आणि २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १० टक्के आरक्षण आले. या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले होते. हा हिशेब धरला तर सर्वांसाठी खुल्या राहणाऱ्या जागा २५ च्या आसपास उरतात.

या २५ जागा कोणत्या एका समाजघटकासाठी राखीव नसतात, हे येथे ध्यानात घ्यावे. राखीव प्रवर्गातील विद्यार्थी गुणवत्तेवर त्यांत येऊ शकतो आणि येतोही. प्रत्येक प्रवर्गात विद्यार्थिनींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण असते. अपंग, संरक्षण दलातील कर्मचाऱ्यांची मुले, डोंगरी भाग आणि सीमाभाग यांसाठीही स्वतंत्र तरतुदी आहेत. तेव्हा ‘सरकारी महाविद्यालयाचा कटऑफ’ असा एकच आकडा अस्तित्वातच नसतो. आपला प्रवर्ग, आपले लिंग आणि आपल्याला लागू असलेली विशेष तरतूद या तिन्हींच्या जोडीने जो आकडा येतो, तोच आपल्या कामाचा.

खासगी महाविद्यालयांत हा हिशेब बदलतो. तेथे वरील घटनात्मक आरक्षण निम्म्या प्रमाणात असते. ८५ टक्के जागा राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरल्या जातात आणि १५ टक्के जागा संस्थात्मक अथवा अनिवासी भारतीय कोट्यात मोडतात. अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या गाजलेल्या प्रकरणात दिली होती.

जुना कटऑफ कसा वाचावा

आता प्रत्यक्ष पडताळणी. यासाठी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरील मागील वर्षांच्या निवड याद्या पुरेशा आहेत. पैसे देऊन ‘प्रेडिक्टर’ विकत घेण्याची गरज नाही, कारण असे बहुतेक प्रेडिक्टरही त्याच याद्यांवरून अंदाज बांधतात.

पहिली पायरी म्हणजे आपला राज्य गुणवत्ता क्रमांक आणि प्रवर्गातील स्थान लिहून काढणे. राज्य यादी जाहीर होईपर्यंत अखिल भारतीय क्रमांकावरून अंदाज करता येतो. मागील वर्षीच्या राज्य यादीत जवळपास तोच अखिल भारतीय क्रमांक असलेला विद्यार्थी कितव्या स्थानी होता, एवढेच पाहावयाचे असते.

दुसरी पायरी म्हणजे आपल्या प्रवर्गात प्रत्येक महाविद्यालयाची जागा कोणत्या क्रमांकावर संपली, हे किमान दोन वर्षांच्या याद्यांतून पाहणे. पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे क्रमांक वेगवेगळे नोंदवावेत. राज्याच्या यादीतील वरचे अनेक विद्यार्थी पुढे अखिल भारतीय कोट्यातून, ‘एम्स’मध्ये किंवा अन्यत्र जातात. त्यांनी सोडलेल्या जागा पुढील फेऱ्यांत खाली सरकतात. पहिल्या फेरीत थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्याने धीर सोडू नये, तो याच कारणासाठी.

तिसरी पायरी म्हणजे महाविद्यालयांचे तीन गट करणे. जेथे गेल्या दोन्ही वर्षी जागा आपल्या क्रमांकाच्या बरीच मागे जाऊन संपली, तो भरवशाचा गट. जेथे ती आपल्या क्रमांकाच्या थोडी पुढे किंवा थोडी मागे संपली, तो चुरशीचा गट. जेथे ती आपल्या कितीतरी पुढेच संपली, तो केवळ आशेचा गट. भरवशाच्या गटात एकही महाविद्यालय नसेल, तर पर्यायी अभ्यासक्रमाची तयारी त्याच दिवशी सुरू करणे हिताचे.

मात्र किती जुन्या याद्या पाहाव्यात, यालाही मर्यादा आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी विभागणी करून स्थानिक विद्यार्थ्यांना ७० टक्के जागा देणारी जुनी पद्धत २०२० मध्ये रद्द झाली. त्यापूर्वीचे कटऑफ आज निरुपयोगी आहेत. अखिल भारतीय कोट्यात इतर मागासवर्गासाठी २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षण २०२१-२२ पासून लागू झाले. त्या आधीच्या आकड्यांचीही तीच गत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथ, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि मुंबई येथील दहा सरकारी महाविद्यालयांचे उद्घाटन होऊन सुमारे ९०० जागांची भर पडली. अशा वर्षी रेषा किंचित खाली सरकते. म्हणून जुना आकडा घेताना त्यानंतर जागा किती वाढल्या आणि नियम कोणते बदलले, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत.

पसंतीक्रमात भीती नको

गणित अचूक मांडूनही पसंतीक्रम भरताना अनेकांचे नुकसान होते. ‘वरचे महाविद्यालय टाकले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल,’ ही भीती निराधार आहे. संगणकीय वाटपात विद्यार्थ्याच्या क्रमांकावर जी सर्वांत वरची पसंती उपलब्ध असेल, तीच दिली जाते. मुंबईचे सेठ जी. एस., लोकमान्य टिळक किंवा ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय, पुण्याचे बी. जे. ही नावे वर टाकल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. यादी इच्छेच्या क्रमाने भरावी. मात्र जेथे शिकावयाचेच नाही, असे एकही नाव त्यात असू नये.

खरी सावधगिरी पुढील फेरीत लागते. मिळालेली जागा कायम ठेवावयाची असेल, तर राज्याच्या प्रक्रियेत ‘स्टेटस रिटेन्शन’ अर्ज भरावा लागतो. तो भरला की पुढील फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. तो न भरता पुढच्या फेरीत अधिक चांगली जागा मिळाली, तर आधीची जागा आपोआप रद्द होते आणि ती परत मागता येत नाही. उत्तरार्धातील फेऱ्यांत मिळालेली जागा न घेतल्यास अनामत रक्कम जप्त होण्यासारख्या तरतुदी असतात. त्या त्या वर्षीची माहिती पुस्तिका ओळ न् ओळ वाचल्याशिवाय कोणतेही बटण दाबू नये.

शुल्क हा शक्यतेचाच भाग

क्रमांकावर जागा मिळू शकते. परंतु ती परवडेल काय, हा प्रश्न नंतर विचारण्याचा नाही. सरकारी महाविद्यालय आणि खासगी महाविद्यालय यांच्या शुल्कात कित्येक पटींचे अंतर असते. काही अभिमत विद्यापीठांत वर्षाचे शुल्क २० लाख रुपयांच्याही वर जाते आणि अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असतो. वसतिगृह, भोजन आणि अनामत वेगळी. पसंतीक्रम भरण्यापूर्वी राज्यातील खासगी महाविद्यालयांचे शुल्क नियामक प्राधिकरणाने निश्चित केलेले आकडे पाहावेत.

याची दुसरी बाजूही आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशालाच तो लागू होता. संस्थात्मक कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना नाही. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या योजना आहेत. पैशांअभावी खासगी महाविद्यालयांची नावे यादीतून आधीच खोडणाऱ्या पालकांनी या योजना प्रथम तपासाव्यात.

शक्यता कागदावर अडते तेव्हा

क्रमांक आहे, प्रवर्ग आहे, पण जात वैधता प्रमाणपत्र नाही, या एका कारणाने हक्काची जागा हातची जाऊ शकते. राज्याच्या प्रक्रियेत राखीव प्रवर्गाचा लाभ घेण्यासाठी जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र आणि जेथे लागू असेल तेथे मुदतीतील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. वैधता समितीकडील काम महिनोन्‌महिने चालू शकते, म्हणून अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच करावा. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे लागते. राज्यातील भटक्या-विमुक्तांचे प्रवर्ग केंद्राच्या यादीत स्वतंत्रपणे नाहीत. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहे काय, हे पाहूनच तेथे दावा करावा.

पुन्हा एक वर्ष द्यावे काय?

आकडे जुळत नसल्यास उरतो तो सर्वांत अवघड निर्णय. ‘नीट’ कितीही वेळा देता येते आणि कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. म्हणून दरवर्षी लक्षावधी विद्यार्थी पुन्हा रांगेत उभे राहतात. येथेही मोजमाप क्रमांकाचेच असावे. २०२४ मध्ये ६०० गुण मिळालेला विद्यार्थी २०२५ मध्ये ५५० वर आला, तर घरात त्याला अपयश म्हटले गेले असेल. प्रत्यक्षात तो ८० हजारांवरून १२ हजारांच्या आसपास आला होता. याउलट सोप्या प्रश्नपत्रिकेच्या वर्षी ४० गुण वाढूनही क्रमांक मागे जाऊ शकतो. पुन्हा प्रयत्न करावयाचा तर तो चुरशीच्या गटाच्या उंबरठ्यावर असलेल्याने, कोणत्या विषयात क्रमांक गेला हे ओळखून करावा. केवळ लोकांना काय सांगावे, या चिंतेतून वर्ष घालवू नये.

‘नीट’चा क्रमांक एमबीबीएसपुरताच उपयोगी नाही. दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे प्रवेश त्यावरच होतात. राज्यातील पशुवैद्यक पदवीलाही हेच गुण धरले जातात. या याद्यांवरही तीन गटांचा तोच हिशेब लावावा. परदेशातील वैद्यकीय शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी २०२१ चे नियम वाचावेत : ‘नीट’ पात्रता, किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. परतल्यावर द्याव्या लागणाऱ्या परीक्षेत अनेक सत्रांत चौघांपैकी एकही जण उत्तीर्ण होत नाही, हे एजंटाच्या माहितीपत्रकात बहुधा छापलेले नसते.

शेवटी एक इशारा. संस्थात्मक कोट्यासह एमबीबीएसची प्रत्येक जागा अधिकृत प्रवेश प्रक्रियेतून आणि ‘नीट’च्या गुणवत्तेनुसारच भरली जाते. ‘क्रमांक कितीही असो, जागा आमच्याकडे आहे’ असे सांगणारा दूरध्वनी आला, तर तो फसवणुकीचा समजावा. ज्या कुटुंबाने आपला क्रमांक, प्रवर्ग, जागा आणि ऐपत हे चार आकडे एका कागदावर स्वतः मांडले आहेत, ते अशा दूरध्वनीला सहसा बळी पडत नाही. जागा मिळो वा न मिळो, त्या कागदापुढे बसून घेतलेला निर्णय मुलाला पुढे अधिक शांतपणे पेलता येतो.